उभ्या रेघेचा तळ आधी बघा

भाटघर धरणाच्या खाली नदीकाठी ज्यांच्या मोटारी आहेत, त्यांची पावसाळ्यात झोप सावध असते. धरण भरत आलं की तिथले स्वयंचलित दरवाजे आपसूक उघडतात आणि मोटार वेळेत वर ओढली नाही तर गेलीच. अशाच एका पावसाळ्यात, ऐन लावणीत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धरणाच्या साठ्याचा आलेख आला. निळी रेघ तळातून निघून थेट चौकटीच्या माथ्याला भिडलेली. ‘धरण भरलं!’ अशी एकच बोंब. माणसं चिखलातून उठली, रोपांच्या जुड्या बांधावर टाकल्या आणि रात्री बॅटरीच्या उजेडात मोटारी, पाइप वर ओढले.

सकाळी तोच आलेख बोटांनी मोठा करून पाहिला. उभ्या अक्षावर खाली ६० आणि वर ७० टक्के! म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा धरण रिकामंच. करणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. संगणक बरेचदा रेघेपुरतीच चौकट कापून देतो. म्हणून रेघेचा चढ नंतर बघा, आधी उभ्या अक्षाच्या दोन्ही टोकांचे आकडे वाचा. खांबांचा आलेख असेल तर तो शून्यापासूनच हवा, नाहीतर खांबांची उंचीच फसवते.

मग तो आकडा कशाचा, ते पाहा. भाटघरची क्षमता २३.५ टीएमसी, गुंजवणी धरणाची ३.६९. दोन्ही रेघा ६० टक्क्यांवर शेजारी दिसतील, पण एकीकडे १४ टीएमसी पाणी, दुसरीकडे जेमतेम सव्वादोन. गुंजवणी काठोकाठ भरलं तरी ते भाटघरच्या सोळा टक्क्यांएवढंच!

आडव्या अक्षावर तारखा सारख्या अंतराच्या आहेत ना, एवढं तपासा. मधले आठ दिवस गाळले की संथ चढही कड्यासारखा दिसतो. आलेख ‘१ जूनपासूनचा एकूण पाऊस’ दाखवत असेल तर सपाट रेघ म्हणजे उघडीप. एकूण पावसाची रेघ कधी उतरत नाही.

पातळी मीटरमध्ये दाखवणाऱ्या आलेखाला मात्र जास्त जपा. आपल्याकडच्या दऱ्या वर रुंद होत जातात, त्यामुळे तळातल्या एका मीटरपेक्षा वरच्या एका मीटरात कितीतरी जास्त पाणी मावतं. धरण भरत आल्यावर येवा तेवढाच असूनही पातळीची रेघ मंदावते. ती पाहून पाऊस ओसरला असं समजू नका, मोटार पुन्हा खाली सोडू नका.