पहिली रायफल घेताना

अगं, दुकानात भिंतभर रायफली बघून गांगरलीस ना? साहजिक आहे. पण हंटर एज्युकेशनचा कोर्स पार पाडलास, मग ही खरेदी तुला जड नाही. खरं सांगू का, कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला पाचशे डॉलरच्या आसपासची रायफल पुरते. रुगर अमेरिकन घे नाहीतर सॅव्हेज अ‍ॅक्सिस, नेम चांगला धरतात. काटकसर केलेली असते ती दस्त्यात आणि वरच्या सफाईत.

म्हणून दस्ताच नीट बघ. रायफल रिकामी आहे याची आधी स्वतः खात्री कर. मग डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या फटीत घालून मागे सरकव. आता दस्ता हातानं दाबून पुन्हा सरकव, कारण स्वस्त प्लॅस्टिक वाकतं. नोट अडली तर दस्ता नळीला टेकतोय, आणि मग नेम हलतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग उघड. स्कोपमधलं चित्र पूर्ण दिसायला हवं. मान ताणावी लागली तर ती तुझ्या मापाची नाही गं. कॉम्पॅक्ट मॉडेल माग, लाजू नकोस. आणि जाताना थंडीचं जाड जॅकेट घालूनच जा, शिकारीला तेच अंगावर असणार.

बघ, पहिल्या वर्षी सगळे म्हणाले म्हणून मी .३०० मॅग्नम घेतली. हलकी रायफल, दणदणीत धक्का. तिसऱ्याच गोळीला स्कोप भुवईवर आदळला. जखम आठवड्यात भरली, पण चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागली ती लागलीच. त्याच हंगामात माझ्या हातून एक मादी जखमी झाली आणि अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडली नाही. ते अजून सलतं.

तू .३०८ घे किंवा ६.५ क्रीडमूर. इथल्या कायद्याला एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, दोन्ही त्यात आरामात बसतात. उरलेले पैसे बऱ्या स्कोपवर आणि काडतुसांवर घाल. शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात पडल्या की रायफलला नावं ठेवायची नाहीत. पुढे टेबल सोडून जमिनीवर बसून सराव कर, डोंगरात टेबल कुठलं?

शनिवारी रेंजवर ये. माझी .३०८ आधी चालवून बघ, मग ठरव. कानाचे मफ आणि चष्मा तू आण, डबा मी आणते.