छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष : एक अभ्यास

साहित्यातील व्यक्तिचित्र हा प्रकार आपण वर्गात अभ्यासतो. त्यातील जिव्हाळा, अलिप्तता, तपशिलांची निवड यांवर परीक्षेत प्रश्नही येतात. शब्दांऐवजी प्रकाशाने काढलेल्या व्यक्तिचित्राची बोळवण मात्र आपण ‘फोटो छान आलाय’ एवढ्या शेऱ्यावर करतो. गौतम राजाध्यक्ष यांची छायाचित्रे पाहताना हा शेरा किती अपुरा आहे हे मला जाणवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रतिष्ठितांचे छायाचित्रण आपल्याकडे नवे नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील एक जाणते छायाचित्रकार. पुढे लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी निजामाचा दरबार, संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी कॅमेऱ्यात टिपले. त्या चित्रांत तलवार, गालिचा, दागिने यांना चेहऱ्याइतकाच मान असे. कारण ते चित्र माणसाचे जितके, तितकेच त्याच्या पदाचेही असे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, १९७१ साली तनखेही बंद झाले. प्रतिष्ठेचे दरबार आता मुंबईत, चित्रपट, संगीत आणि उद्योग यांच्या जगात भरू लागले. या नव्या दरबाराचे चित्रकार म्हणजे राजाध्यक्ष.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. १९७४ साली ते लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्रण विभागात रुजू झाले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांची छायाचित्रे काढून ते फॅशन व चित्रपट मासिकांच्या जगात आले. तरीही नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. पूर्णवेळ स्वतंत्र व्यवसाय सुरू केला तो १९८७ मध्ये. त्यांनी लेखणीही चालवली. ‘चंदेरी’चे संपादन केले, ‘बेखुदी’ (१९९२) या चित्रपटासाठी लेखन केले. १९९७ साली त्यांचे ‘फेसेस’ हे पुस्तक आले. त्यात ४५ चित्रपट कलावंतांची छायाचित्रे आणि त्यांच्यावरील मजकूर आहे. १३ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रांचा विशेष कोणता? प्रकाश मऊ, पार्श्वभूमी शांत आणि सगळी नजर चेहऱ्यावर. यामागे साधे शास्त्र आहे. प्रकाशाचा स्रोत मोठा आणि जवळ असला की सावलीची कड विरघळते. सुरकुती पुसली जात नाही, पण बोचतही नाही. कॅमेरा फार जवळ नेला तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. म्हणून व्यक्तिचित्र काढणारा थोडा दूर उभा राहतो आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरतो. फिल्मच्या काळात एका रोलवर ३६, मोठ्या आकाराच्या फिल्मवर तर १२च चित्रे मिळत. फिल्म धुऊन येईपर्यंत काय मिळाले ते दिसत नसे. म्हणजे बटण दाबण्यापूर्वीच समोरच्या माणसाला मोकळे करावे लागे. माझ्या मते या व्यवसायातील खरे भांडवल कॅमेरा नव्हे, विश्वास आहे.

येथे एक आक्षेप येतो. सगळ्यांनाच सुंदर दाखवणे ही कला, की खुशामत? १९४१ साली युसुफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातली सिगार अचानक काढून घेतली आणि त्यांच्या कपाळावरची आठी टिपली. ते चित्र जगभर गाजले. त्या मापाने राजाध्यक्ष सौम्य वाटतात. त्यांच्या दालनात थकवा, अपयश, मत्सर फारसे भेटत नाहीत. चित्रपटसृष्टीचा इतिहास केवळ त्यांच्या चित्रांवरून लिहिला तर तो एकांगी होईल, हे मान्य केलेच पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. ‘फेसेस’मध्ये ऐश्वर्या रायसारख्या त्या वेळच्या नव्या चेहऱ्याबरोबर दुर्गाबाई खोटेही आहेत. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधली तारामती, आपल्या पुण्यातील प्रभातमध्ये तयार झालेल्या ‘अमर ज्योती’ (१९३६) ची नायिका! ज्या व्यवसायात नटीचे वय हा गुन्हा समजला जातो, तिथे वृद्ध अभिनेत्रीला तरुण तारकांच्या पंक्तीत मानाने बसवणे ही खुशामत नव्हे. ती एक भूमिका आहे. आमच्या घरी आजीचा एकच स्टुडिओतला फोटो आहे. त्यात ती रोजच्यापेक्षा रुबाबदार दिसते. तो खोटा आहे असे घरात कुणालाही वाटत नाही. आपण कसे लक्षात राहावे, हे सांगण्याचा तिचा हक्क त्या अनामिक छायाचित्रकाराने मानला होता. राजाध्यक्षांनी तोच हक्क नामवंतांच्या बाबतीत मानला.

आज मोबाइलमधले फिल्टर क्षणात कातडी गुळगुळीत करतात. मग राजाध्यक्षांचे वेगळेपण काय उरले? फिल्टरला समोरचा माणूस माहीत नसतो. तो सर्वांना एकसारखे करतो. राजाध्यक्षांच्या चित्रांत प्रत्येकाचे सौंदर्य त्याचे स्वतःचे राहते. व्यक्तिचित्र शब्दांत लिहिणाऱ्या आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही हीच कसोटी आपल्या लेखनाला लावून पाहावी, असे मला वाटते.