टोकदार शंख दिसला की ‘टेरेब्रा’ म्हणावं का?



जळगाव-धुळ्याहून समुद्र लांब. तरी अलिबाग, गणपतीपुळ्याची सहल झाली की एखाद्या मुलाच्या दप्तरातून लांब, टोकदार, पीळदार शंख निघतोच. "सर, याचं नाव काय?"

सुताराचं गिरमिट आठवा. लॅटिनमध्ये गिरमिटाला ‘टेरेब्रा’ म्हणतात. ब्रुगिएर या फ्रेंच अभ्यासकाने १७८९ मध्ये तेच नाव समुद्री गोगलगाईंच्या एका प्रजातीला दिलं. पण नाव सांगायची घाई करू नका. टोकदार शंख बरेच असतात, मीही पूर्वी सरसकट ‘टेरेब्रा’ म्हणून मोकळा व्हायचो.

टोक नको, तोंड बघा. शंख टोक वर करून धरा. टेरेब्राचं तोंड लहान असतं आणि त्याच्या खालच्या काठाला स्पष्ट खाच असते. या खाचेतून गोगलगाय श्वासनळी बाहेर काढते, तिनेच पाणी आत घेते आणि भक्ष्याचा वासही. तिचं भक्ष्य म्हणजे वाळूतले कृमी. टुरिटेलाचा शंखही असाच उंच, पण तोंड गोलसर आणि खाच नाही. ती पाण्यातले बारीक कण गाळून खाते, शिकार करत नाही.

मुलांना इथलंच उदाहरण हवं असेल, तर नदीनाल्यात, तळ्यात मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा ही छोटी टोकदार गोगलगाय शोधा. तिच्या तोंडालाही खाच नाही. (तिच्यात बहुतेक माद्याच असतात, नराविनाही पिल्लं होतात. हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो!) तिन्ही शंख भिंगाखाली ठेवा, आकार सारखा पण कुळं तीन, हे पोरं स्वतःच पकडतात.

खाच दिसली म्हणजे टेरेब्राच, असंही नाही. खाच इतर शिकारी गोगलगाईंनाही असते. शिवाय टेरेब्रिडी या कुळात चारशेहून अधिक जाती आहेत आणि डीएनएच्या अभ्यासानंतर त्यांची प्रजातींमध्ये नव्याने विभागणी झाली. वीतभर लांबीचा ठिपकेदार शंख जुन्या पुस्तकांत ‘टेरेब्रा मॅक्युलाटा’ आहे, आता तो ‘ऑक्सिमेरिस मॅक्युलाटा’. लिनियसने तर १७५८ मध्ये त्याला ‘बक्सिनम’ म्हटलं होतं.

म्हणून चिठ्ठीवर खात्री असेल तेवढंच लिहायला सांगा: कुळ टेरेब्रिडी, सापडल्याचं ठिकाण, तारीख. प्रजातीची जागा पेन्सिलीने भरा. आणि शंख रिकामाच आणायचा. जिवंत प्राणी हातात घेऊ नये, या कुळाचे नातेवाईक असलेले कोनस शंख विषारी दंश करतात.