वजन उतरवा, पण जेवण सोडू नका



गेल्या जुलै महिन्यात एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी दहावीची एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तिला माझ्या खोलीत आणले, पाणी दिले, थोडे बरे वाटल्यावर विचारले, "सकाळी काय खाल्लेस?"

"काही नाही."

"आणि काल रात्री?"

"काकडी. वजन कमी करते आहे, मॅडम."

मी नेहमीप्रमाणे उपदेशाला सुरुवात केली. तेव्हा ती सहज बोलून गेली, "पण मॅडम, तुम्ही पण तर डबा नाही आणत."

माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ती खरे बोलत होती. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी मला सात-आठ किलो वजन कमी करायला सांगितले होते. मी सोपा उपाय शोधला. नाश्ता बंद, डबा बंद, दुपारी एक वाटी वरण आणि रात्री सलाद. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो वजन उतरले, तशी मी खूश झाले. पुढे काटा हलेना. शिक्षकांवर विनाकारण चिडू लागले, चौथ्या तासाला डोके दुखू लागले आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. रात्री दहा वाजता घरातले सगळे झोपले की मी सेवेचा डबा उघडत असे.

त्या दिवशी लक्षात आले की मुलींना आहाराचा धडा मीच देत होते, पण चुकीचा. तो दुरुस्त करावा म्हणून हा लेख. माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात 'ऊष्मा' आणि 'कैलोरी' असे, 'उष्मांक' हा मराठी शब्द मी नोकरीत आल्यावर शिकले. तेव्हा भाषेत कुठे हिंदीची छाया दिसली तर सांभाळून घ्यावे.

उष्मांक म्हणजे काय?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. आहाराच्या भाषेत यालाच आपण एक उष्मांक म्हणतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनापासून ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपापासून ९ उष्मांक मिळतात.

आता आपल्या घरातली उदाहरणे घ्या. तीस ग्रॅम कणकेची, तूप न लावलेली पोळी म्हणजे सुमारे १०० उष्मांक. घट्ट वरणाची वाटी सुमारे १३०. एक छोटा चमचा तेल ४५. आणि आपल्या इंदूरची लाडकी सेव? ती तळलेली असल्याने १०० ग्रॅममध्ये साधारण ५५० उष्मांक असतात. म्हणजे पोह्यांवर मूठभर सेव पडली की एका पोळीहून जास्त भर पडते. मी दिवसभर दोन पोळ्या वाचवत होते आणि रात्री दोन मुठी सेवेत त्या दीडपटीने परत मिळवत होते! एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते काही उगाच नाही.

शरीर बसल्या जागीही खर्च करते

आपण काहीही न करता झोपून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचे काम चालूच असते. दिवसाच्या एकूण खर्चापैकी बराच मोठा भाग यातच जातो. हा मूळ खर्च काढण्याचे एक सूत्र १९९० पासून वापरात आहे. गणिताच्या मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे.

प्रौढ स्त्रीसाठी: (१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटीमीटरमध्ये) − (५ × वय) − १६१. पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे.

माझेच उदाहरण घेते, लपवण्यासारखे त्यात काही नाही. तेव्हा वजन ७२ किलो, उंची १५४ सें.मी., वय ५४. म्हणजे ७२० + ९६२.५ − २७० − १६१ = १२५१.५. हा झाला झोपून राहण्याचा खर्च. खुर्चीवरचे काम आणि थोडेफार चालणे धरून याला १.४ ने गुणले की सुमारे १७५० येतात. म्हणजे वजन आहे तेवढेच ठेवायला मला रोज १७५० उष्मांक लागत होते आणि मी दिवसभरात जेमतेम ६०० खात होते. गरजेच्या एक तृतीयांश!

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७७०० उष्मांक साठलेले असतात. रोज ४५० कमी खाल्ले तर आठवड्याला ३१५० ची तूट, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. हा वेग ऐकायला कमी वाटतो, पण तोच टिकतो. मग माझे पहिले तीन किलो कुठून गेले? त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते आणि तिच्याबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. अन्न तोडले की आधी हा साठा रिकामा होतो. काटा खाली जातो, पण चरबी मात्र फारशी हललेली नसते.

मिनेसोटाचा प्रयोग

कमी खाल्ल्याने काय होते याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. युरोपात लाखो लोक उपाशी होते. युद्ध संपल्यावर त्यांना परत कसे खाऊ घालायचे, हा प्रश्न होता. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. हे सगळे सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले, पण धडधाकट तरुण होते आणि आपल्या इच्छेने आले होते. आधी त्यांना रोज सुमारे ३२०० उष्मांकांचे जेवण दिले गेले. मग १९४५ मध्ये २४ आठवडे ते जवळजवळ निम्मे केले, म्हणजे १६०० च्या आत. खाण्यात मुख्यतः बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे.

त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण बाकी काय झाले ते लक्ष देऊन वाचा. नाडी मंद झाली. शरीराने आपला मूळ खर्चच कमी केला. उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. हसतीखेळती मुले गप्प आणि चिडखोर झाली, कशात मन लागेना. दिवसरात्र खाण्याचेच विचार. कोणी ताट चाटू लागला, तर कोणी स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागला. हे सगळे वाचताना मला माझा सेवेचा डबा आठवला. तो माझा कमकुवतपणा आहे असे मी समजत होते, पण ती भूक होती.

आणखी एक गोष्ट. नंतर त्यांना परत खाऊ घालताना काहींना जादा जीवनसत्त्वे, काहींना जादा प्रथिने देऊन पाहिली. पण पुरेसे उष्मांक मिळाल्याशिवाय त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. "मी व्हिटॅमिनची गोळी घेते, मग जेवले नाही तरी चालेल," असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि वजन परत आले तेव्हा स्नायूंच्या आधी चरबी भरून आली.

पालकांपैकी कोणी विचारतील की मग १३०० किंवा १६०० हा आकडाच वाईट का? नाही. ते तरुण होते, सडसडीत होते आणि त्यांची गरज ३२०० ची होती. माझ्या वयाच्या आणि वजनाच्या बाईची गरज १७५० ची. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. गरजेच्या किती भाग खाता ते पाहा. निम्म्याहून कमी खाणे म्हणजे उपासमार. थोडी तूट आणि बाकी पोटभर, हे खरे पथ्य. ८०० उष्मांकांच्या आतला आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीही घेऊ नये.

मी आता काय खाते

एका आहारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्याने मी रोज १३०० च्या आसपास खाऊ लागले. दोन कप चहा, साखर नावापुरती: ८०. नाश्त्याला एका चमचा तेलातले मटार घातलेले पोहे, सेवेशिवाय: २५०. डब्यात दोन पोळ्या, भाजी, वरण आणि ताक: ४९०. चार वाजता मूठभर फुटाणे आणि एक पेरू: १७०. रात्री एक पोळी, भाजी आणि मुगाचे वरण: ३३०. बेरीज १३२०. शिवाय अर्धा तास चालणे. वरण, ताक आणि फुटाणे यांतून प्रथिने मिळतात. प्रथिने आणि व्यायाम, दोन्ही असले की चरबीबरोबर स्नायू झिजण्याचा धोका कमी होतो.

ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत सहा किलो वजन उतरले. हिशेबाने साडेआठ व्हायला हवे होते, पण मध्ये गणपती आले, दिवाळी आली आणि वजन घटले तशी गरजही थोडी घटली. माझी तक्रार नाही. जिना चढता येतो, डोके दुखत नाही आणि रात्री दहाचा डबा बंद झाला, तोही मनाला न बांधता.

मुलांसाठी वेगळा नियम

वरचा सगळा हिशेब मोठ्यांचा आहे. मुलांनो, तुमच्यासाठी तो नाही. तुमची उंची वाढते आहे, हाडे भरत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० आणि मुलाला सुमारे २८६० उष्मांक लागतात. म्हणजे दहावीच्या मुलीची गरज माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ती काकडी खाऊन झोपते!

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या १०० पैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. जेवण अर्धे केले की लोहही अर्धे होते. मग अभ्यासात लक्ष कसे लागणार?

एखाद्या मुलाचे वजन खरोखर जास्त असेल तर त्याचे जेवण कापू नका. थंड पेये, पाकिटातले चिप्स आणि रोजची जलेबी कमी करा आणि त्याला मैदानावर पाठवा. उंची वाढते तसे वजन पुष्कळदा आपोआप प्रमाणात येते. त्यापुढचे बालरोगतज्ज्ञांना विचारून करावे.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

डबा भरलेला परत येणे, सारखी थंडी वाजणे, केस गळणे, मुलींची पाळी चुकणे, घरी सर्वांबरोबर जेवायला टाळाटाळ करणे, दिवसातून चार वेळा काट्यावर उभे राहणे, यांपैकी काही दिसले तर रागावू नका. जवळ बसवून विचारा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. "किती जाडी झालीस ग" हे वाक्य लग्नकार्यात गमतीने बोलले जाते, पण तेरा वर्षांच्या मुलीला ते वर्षभर पुरते. मावशी-काकूंनी ते आता सोडून द्यावे. आणि आईने स्वतः ताटावर बसून चार घास खावेत, कारण मुली आईचे ऐकतात त्यापेक्षा जास्त आईकडे पाहतात.

विश्वस्त मंडळास विनंती की मधली सुट्टी वीस मिनिटांची आहे, ती तीस करावी. हात धुऊन, रांगेत पाणी भरून मुलांच्या वाट्याला जेवायला दहा मिनिटेच उरतात. दहा मिनिटांत डबा संपत नाही. तो एकतर परत जातो किंवा नळाखाली रिकामा होतो.

माझ्या बाजूने मी एवढे केले आहे की आता माझा डबा खोलीत न उघडता व्हरांड्यात मुलींबरोबर उघडते. ती दहावीची मुलगीही येते. पहिल्या दिवशी तिने माझ्या डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, "दोन पोळ्या, मॅडम? मला आईने तीन दिल्यात." मी म्हटले, "बरोबर दिल्यात. तुला वाढायचे आहे, मला नाही."

स्वाध्याय

१. आई-बाबांचा मूळ खर्च वरील सूत्राने काढा. (स्वतःचा काढू नका, हे सूत्र मोठ्यांसाठी आहे.)

२. घरात महिन्याला किती तेल लागते ते विचारा. माणसांच्या संख्येने आणि ३० ने भागा. येणाऱ्या ग्रॅमला ९ ने गुणा आणि उत्तर आईला दाखवा.

३. आठवडाभर डबा पूर्ण संपवा आणि चौथ्या तासाला झोप येते का ते वहीत लिहा.

आपली,
प्राचार्या