थांबलेल्या गाडीचे इंजिन

बी. ए. द्वितीय वर्ष

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा मुंबई-हावडा लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. या मार्गावरील एखाद्या फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. मालगाडी यायची असते. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली यांची रांग लागते आणि त्यांतील कित्येकांची इंजिने उगाचच धडधडत असतात. गाडी जागची हलत नाही, टाकीतले डिझेल मात्र जात राहते. जीप-मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन पिते. माझे वडील बुलडाणा-मलकापूर रस्त्यावर काळी-पिवळी चालवतात. डिझेलचा खर्च जाऊन जे उरते त्यावर आमचे घर चालते आणि माझी फीसुद्धा त्यातूनच भरली जाते. म्हणून कला शाखेची विद्यार्थिनी असूनही हा विषय मला परका वाटत नाही.

फाटक पडले की बाबा किल्ली फिरवून इंजिन बंद करतात. हेच काम आता नव्या मोटारी आपण होऊन करतात. या सोयीला ‘ऑटो स्टार्ट-स्टॉप’ म्हणतात.

विचार तसा जुना आहे. पूर्वी हॅन्डल मारून इंजिन चालू करावे लागे. हॅन्डल उलटले तर मनगट मोडे. त्या काळी सिग्नलला इंजिन बंद करण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला आणि इंजिन चालू करणे हा बटणाचा खेळ झाला. १९७०च्या दशकात जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या क्राउन मोटारीत थांबताच बंद होणारे इंजिन आणले. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओत २००८ साली ही सोय मिळू लागली. २०१४ मध्ये हिरोच्या स्प्लेंडर आयस्मार्ट मोटारसायकलमध्ये आणि २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझमध्येही ती आली.

तिचे काम असे चालते. गाडी पूर्ण थांबली, गिअर न्यूट्रलमध्ये आला आणि क्लचवरचा पाय निघाला, की काही क्षणांत इंजिन बंद होते. क्लच दाबला की पुन्हा चालू. पण बंद करण्यापूर्वी गाडीतला छोटा संगणक बरीच चौकशी करतो. बॅटरीत पुरेसा भार आहे काय? इंजिन तापले आहे काय? ब्रेकला लागणारा व्हॅक्युम शिल्लक आहे काय? यांपैकी एक जरी उत्तर ‘नाही’ आले तरी इंजिन चालूच राहते. दिवसातून पन्नास वेळा चालू-बंद व्हायचे म्हणून अशा गाडीचा स्टार्टर दणकट असतो आणि बॅटरीही वेगळ्या बनावटीची असते. बाबांच्या जीपला हे कोठून असणार? गेल्या पावसाळ्यात फाटक उघडले, पण बॅटरी बसली होती. शेवटी भाडे देऊन बसलेल्या प्रवाशांनीच उतरून धक्का मारला.

या सोयीची वाखाणणी किती करावी, हाही प्रश्नच आहे. पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर ती चांगली उपयोगी. आपल्या समृद्धी महामार्गावर थांबायचेच नसल्यामुळे ती असून नसल्यासारखी. शिवाय बहुतेक मोटारींत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात इंजिन बंद झाले की मोटारीतला गारवाही गेला. मग थोड्याच वेळात यंत्र स्वतःच इंजिन पुन्हा चालू करते. पुष्कळ लोक कंटाळून बटण दाबून ही सोय बंद ठेवतात.

मला या सगळ्यात महत्त्वाची वाटली ती व्हॅक्युमची गोष्ट. राजूर घाट उतरताना काही ड्रायव्हर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडतात. बाबाही सोडत. पण पॉवर ब्रेकला लागणारा व्हॅक्युम इंजिन फिरते तेव्हाच तयार होतो. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणूनच उभ्या गाडीत व्हॅक्युम कमी झाला की हे यंत्र कोणी सांगण्याची वाट न पाहता इंजिन पुन्हा चालू करते.

हे वाचून मी घरी सांगितले, तर बाबा हसून म्हणाले, “कॉलेजात जातं तं आता मले गाडी शिकवशीन काय?” मी गप्प बसले. दोन दिवसांनी दुसरी माहिती हाती लागली. डिझेल गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरवली, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल सोडणे जवळजवळ थांबवतो. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचवलेले डिझेल गिअरमध्येही वाचतच होते! हे सांगितल्यावर मात्र बाबा हसले नाहीत. “गिअरमधी डिझेल जात नाही?” एवढेच त्यांनी दोनदा विचारले आणि ते ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनेही तेच सांगितले म्हणे.

परवा मी त्यांच्याच गाडीने आले. घाटात दुसरा गिअर होता आणि इंजिन चालू होते.