श्रीवर्धनी पोफळ : दोष वाणाचा की वाडीचा?

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर आले आणि अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या तालुक्यांतील नारळ-पोफळीच्या वाड्यांची काही तासांत दाणादाण उडवून गेले. त्यापुढील दोन पावसाळ्यांत पुष्कळ बागाइतदारांनी धीर न सोडता पोफळीची नवी लागवड केली. त्या रोपांस आता पाच वर्षे होऊन गेली आहेत. एका वाडीत पोय दिसू लागली, तर शेजारच्या वाडीत अद्याप चिन्ह नाही. एकाची झाडे भरदार, तर दुसऱ्याची उंच पण सडपातळ. सबब “रोपे वाईट निघाली, गावठी वाण आता चालत नाही, ती उपटून मंगला किंवा मोहितनगर लावावे,” असा बोल कानी येऊ लागला आहे. भाताचे बियाणे फसले तर पुढील मृगास दुरुस्ती करता येते. पोफळ उपटली तर पाच-सात वर्षांची मेहनत मातीस मिळते. म्हणून कुदळ हाती घेण्यापूर्वी दोष वाणाचा की वाडीचा, याचा निवाडा कसा करावा, ते या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

वाण म्हणजे काय?

श्रीवर्धनी पोफळ उंच वाढणारी असून तिचे फळ लांबट गोल असते. सुपारी कातरली असता आत संगमरवरासारखी पांढरी दिसते व चवीस उत्तम म्हणून नावाजली आहे. ‘श्रीवर्धनी रोठा’ हे नाव बाजारात रूढ झाले ते याच गुणामुळे. श्रीवर्धन हे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. आज तेथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे.

परंतु हापूसच्या कलमास जसा ‘वाण’ म्हणावा तसा तो पोफळीत म्हणता येत नाही. पोफळीच्या एकाच पोयीत नर व मादी अशी दोन्ही फुले असतात. पैकी नरफुले आधी उमलून संपत येतात आणि मादीफुले मागाहून उमलतात. त्यामुळे फळ धरण्यास पराग बहुधा दुसऱ्या झाडाचा लागतो. आई ठाऊक, बाप अज्ञात, अशी प्रत्येक बीची स्थिती होते. तात्पर्य, श्रीवर्धनी हे एक कुटुंब समजावे. भावाभावांत जेवढा फरक असावयाचा तेवढा तिच्या झाडाझाडांत असणारच. मात्र सबंध वाडीच्या वाडी मागे राहिली, तर त्याचे कारण एवढ्यात सापडत नाही.

आधी जमिनीची प्रत

आमची उमर महसुली दप्तरात गेली. मुंबई इलाख्याच्या मोजणीखात्याने १८४७ साली जे नियम घालून दिले, त्यांत जमिनीची प्रत ठरविताना प्रथम मातीची जात व खोली पाहत. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची धरीत. नंतर वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, झऱ्यांची फाजील ओल असे दोष पाहून दोषामागे एक प्रत उतरवीत. हे नियम मुख्यत्वे जिराइतीकरिता होते. तथापि त्यांतील शहाणपण बागाइतासही लागू आहे. पिकाची तक्रार ऐकण्याआधी जमिनीचे दोष मांडावेत, हे ते शहाणपण होय. आपल्या किनाऱ्यावरील वाड्यांची तशी प्रतबंदी केली तर ढोबळ मानाने चार प्रकार पडतात.

१. पुळणीतील वाडी. समुद्रालगतच्या रेताड जमिनीत पाणी व खत दोन्ही ठरत नाहीत. खाऱ्या वाऱ्याने झावळ्यांची टोके करपतात, कोवळी फळे गळतात. उपसा फार झाला तर उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते, व ते शिंपल्याने झाड आणखी खंगते. येथे समुद्राच्या बाजूस उंडी, सुरू किंवा नारळ यांची दाट आडवण हवी. आळ्यात पालापाचोळा भरपूर भरावा, आणि खत एकदम न देता थोडेथोडे अनेक वेळा द्यावे.

२. मधल्या पट्टीची जुनी वाडी. माती खोल, पाण्याचा निचरा चांगला व विहीर गोडी. श्रीवर्धनीचे खरे घर हेच. परंतु वादळाने नारळ व जुनी झाडे पडल्यावर सावली गेली. पोफळीच्या कोवळ्या खोडास नैर्ऋत्येकडील तिसऱ्या प्रहरचे ऊन सोसत नाही; खोड भाजून त्यास चिरा पडतात व पुढे वाऱ्याने ते तेथेच मोडते. अशा वाडीत दक्षिण व पश्चिम बाजूंस केळी लावाव्यात, किंवा खोडाभोवती सुक्या झावळ्या बांधाव्यात.

३. डोंगरउताराची वाडी. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ. पावसाळ्यात झाड हिरवेगार, चैत्र-वैशाखात कोमेजलेले. येथे दोष पाण्याचा आहे. ठिबकने झाडास दररोज १६ ते २० लिटर पाणी उन्हाळाभर न चुकता मिळाले, तर हीच झाडे सुधारतात.

४. खाचराची वाडी. खाडीकाठचे भातखाचर भरून केलेल्या या वाडीत पावसाळाभर पाणी तुंबते, मुळे कुजतात व झावळ्या पिवळ्या पडतात. पोफळीस पाणी हवे, पण तुंबलेले नको. दोन ओळींच्या मध्ये खोल चर खणून पाण्यास वाट करून देणे, हाच येथे पहिला उपाय. त्याआधी घातलेले खत व्यर्थ जाते.

झाडाचे दप्तर

पोफळ आपला हिशेब आपल्या अंगावर लिहून ठेवते. खोडावरील प्रत्येक कडे म्हणजे गळून पडलेल्या एका झावळीची खूण होय. चांगल्या झाडास वर्षाकाठी सुमारे सात झावळ्या येतात, आणि पोय झावळीच्या बेचक्यातच उपजते. म्हणून झावळ्या कमी, तर पोयी कमी. कडी फार लांब लांब असतील तर झाड उजेडाकरिता वर धावले, म्हणजे लागवड दाट झाली असे समजावे. दोन झाडांत ९ फुटांचे अंतर हवे. एखाद्या ठिकाणी खोड एकाएकी बारीक झाले असेल, तर ते वर्ष झाडास उपासाचे गेले. पोफळीचे खोड आंब्याप्रमाणे मागाहून जाड होत नाही, सबब ती खूण कायम राहते. खोडावरील कडी खालून वर मोजीत गेल्यास कोणत्या वर्षी हयगय झाली ते कळते.

निवाडा कसा करावा?

आता मुख्य मुद्दा. वाडीचा कागदावर आडवा-उभा नकाशा काढून प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा. कडेच्या ओळी सोडून निरनिराळ्या भागांतील दहा-बारा झाडे निवडावीत, व एका चोपडीत पुढील रकाने आखावेत : लागवडीचा महिना, रोप कोठून आणले, वर्षाच्या झावळ्या, पहिली पोय, पोयींची संख्या, धरलेली फळे, गळलेली फळे, असोल्या सुपारीचे वजन. हा जमाखर्च निदान तीन वर्षे ठेवावा. एका हंगामावरून निकाल देऊ नये.

मग असे पाहावे. वाडीची एक सबंध बाजू मागे असेल, तर दोष जागेचा. दाट जागेतील सर्वच झाडे उंच व वांझ असतील, तर दोष लागवडीचा. परंतु चोहोंकडची झाडे फळत असता, त्याच मातीत, त्याच पाण्यावर एखादेच झाड तीन वर्षे रिकामे राहिले, तर दोष त्या बीचा समजावा. असे एकटे झाड खुशाल काढावे. बाकीच्यांस हात लावू नये. शेजारच्या वाडीशी तुलना करावयाची तर तिचीही प्रत आधी मांडावी. गोड्या विहिरीच्या वाडीशी पुळणीच्या वाडीची बरोबरी करणे हा न्याय नव्हे.

मंगला हा वाण चीनमधून आणलेल्या बियाण्यातून निवडून १९७२ साली प्रसृत झाला. तो श्रीवर्धनीपेक्षा लवकर फळतो. मोहितनगर मूळचा पश्चिम बंगालचा. दोन्ही चांगले आहेत, व मोकळ्या जागेत त्यांची दहा-पाच रोपे लावून पाहण्यास हरकत नाही. पण तुंबलेले पाणी व मचूळ विहीर ही त्यांसही सोसणार नाहीत, हे विसरू नये.

भरीची रोपे व खत

काढलेल्या झाडाच्या जागी लावावयाचे रोप आपल्याच वाडीतील, नियमित फळणाऱ्या, दहा वर्षांवरील माडीपासून करावे. पूर्ण पिकलेली वजनदार फळे घेऊन पाण्यात टाकावीत. जी देठाकडील टोक वर करून उभी तरंगतील ती बियाण्यास उत्तम. पेरतानाही देठ वरच ठेवावा. रोप वर्ष-दीड वर्षाचे, पाच पानांचे झाल्यावर कायम जागी लावावे.

फळत्या झाडास दरसाल १२ किलो शेणखत, १२ किलो हिरवा पाला, आणि नत्र १०० ग्रॅम, स्फुरद ४० ग्रॅम व पालाश १४० ग्रॅम द्यावे, असे कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेचे प्रमाण आहे. कोळेरोगाकरिता १ किलो मोरचूद व १ किलो चुना १०० लिटर पाण्यात मिसळून केलेले बोर्डो मिश्रण पावसापूर्वी एकदा व सुमारे ४०-४५ दिवसांनी पुन्हा घडांवर फवारावे. रोगाने झालेली गळ वाणाच्या नावे लिहू नये.

बागाइतदार बंधूंस आमचे सांगणे एवढेच की, वादळाने जे नेले ते आपल्या हातचे नव्हते. परंतु त्यानंतर जे वाढविले ते अधीरपणे तोडणे सर्वस्वी आपल्या हातचे आहे. या वर्षीची काढणी सुरू होण्यापूर्वी चोपडी आखावी, झाडांस क्रमांक द्यावेत, आणि तीन वर्षांचे आकडे समोर ठेवूनच कोणत्या झाडाने राहावे व कोणत्याने जावे, याचा हुकूम द्यावा.