पायांची सूज

आपले बिर्लानगर वसले ते जियाजीराव कॉटन मिल्सच्या भोवती. १९२१ मध्ये स्थापन झालेली ती गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली. परंतु पाळीभर मागासमोर उभे राहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ती मंडळी आज वृद्ध झाली आहेत. नुसते उभे राहिल्याने पाय का सुजावेत, हे प्रथम पाहू.

हृदयाने खाली धाडलेले रक्त पुन्हा वर चढते ते बव्हंशी पोटरीच्या बळावर. पाऊल टाकताच पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात व रक्त वर सरकते. शिरांतील झडपा त्यास मागे उतरू देत नाहीत. मनुष्य तासन्‌तास निश्चल उभा राहिला, अथवा पाय लोंबते सोडून खुर्चीत बसला, की हे कार्य मंदावते. मग शिरांतील दाब वाढून पाणी बाहेर झिरपते व त्वचेखाली साचते. नडगीवर अंगठ्याने क्षणभर दाबून पाहावे; खळगा राहिला तर ती पाण्याची सूज समजावी.

अशा सुजेस साधे उपाय पुष्कळदा पुरतात. उताणे निजून पाय उशांवर, हृदयाच्या पातळीहून उंच, पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. उभे असता टाचा उचलाव्या व टेकाव्या. आरतीच्या गर्दीत हे कोणाच्या दृष्टीसही पडत नाही! लोणचे, पापड व पानातील वरचे मीठ कमी करावे.

चरकसंहितेत शोथाचे निज व आगंतु असे दोन भेद सांगितले आहेत. एक शरीरातील दोषांमुळे होणारा, दुसरा बाह्य कारणाने होणारा. निज शोथाची उपेक्षा करू नये. दोन्ही पाय सुजून चालताना अथवा आडवे होताच धाप लागत असेल तर हृदयाची, आणि सकाळी पापण्या फुगून लघवीस फेस येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करवावी. पुनर्नवेस शोथघ्नी म्हणतात हे खरे. तथापि तपासणी टाळून तिचा काढा घेत राहणे मला योग्य वाटत नाही. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनच्या गोळीनेही घोटे सुजतात. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांस विचारावे.

एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. असा पाय मुळीच चोळू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि छातीत दुखत असेल वा श्वास कोंडत असेल तर तत्क्षणी. गर्भवतीचे पाय थोडे सुजणे नेहमीचेच. परंतु चेहरा व हात सुजले, डोके फार दुखू लागले अथवा दृष्टी अंधुक झाली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तिला विनाविलंब दवाखान्यात नेऊन रक्तदाब तपासून घ्यावा.